उंदरांना पेपर वाचून दाखवणारे आप्पा

आप्पा मगदूम रोज सकाळी साडेनऊ ते दहा उंदरांना पेपर वाचून दाखवत.

यात अलंकार काही नाही. खरेच उंदीर आणि खराच पेपर. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. दारावर ‘प्राणीगृह’ अशी पाटी. आत लोखंडी मांडण्यांवर पिंजरे, आणि पिंजऱ्यांत पांढरे, तांबड्या डोळ्यांचे उंदीर. औषधांचे प्रयोग त्यांच्यावर चालत आणि त्यांची देखभाल आप्पा करत. आल्या आल्या ते पिंजऱ्यातला भुसा बदलायचे, पाण्याच्या बाटल्या भरायचे, भिजवलेले हरभरे घालायचे. मग मधोमध स्टूल ठेवून, चष्मा लावून खड्या आवाजात सुरू व्हायचे.

“पंचगंगंची पातळी दोन फुटानं वाढली. गुळाचं सौदं बंद, हमालांनी काम थांबिवलंय. पेठंतल्या दोन तालमींची फुटबॉलवरनं मारामारी. ह्यास्नी खेळाय येत न्हाय, भांडाय तेवडं येतंय.”

शेवटचं वाक्य पेपरातलं नसायचं. आप्पांचा पेपर छापलेल्या पेपरापेक्षा नेहमी दीडपट मोठा असायचा.

मी नव्वदीच्या मधल्या वर्षांत तिथं एम. फार्म. करत होतो. जयसिंगपूरहून आलेला, अंगावर नवाकोरा पांढरा कोट, आणि आपण आता विज्ञानाला काहीतरी देणार अशी ठाम समजूत. पहिल्याच दिवशी प्राणीगृहाचं दार मी जरा जोरात ढकललं, तर आतून आवाज आला, “दमानं, सर. पावणं घाबरत्यात.” कोण पाहुणे आलेत म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. आप्पांनी पिंजऱ्यांकडे बोट केलं.

“हे पाहुणे?”

“मग काय तर. चार दिसासाठी आलेलं. जाणार म्हटल्यावर मान द्याय नको?”

प्रयोग संपला की उंदीर मरायचा, हे तिथं ठरलेलंच होतं. पण आप्पांच्या तोंडून ‘मारणे’ हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. ते ‘पाठवणे’ म्हणायचे. “कवा पाठवताय ह्यास्नी?” असं लेक शाळेला निघाल्यासारखं विचारायचे. पाठवणीच्या दिवशी मात्र त्यांची रजा असायची. अर्जावर कारण एकच, ‘घरगुती’. निधनवार्तांचं पानही ते उलटून पुढं जात. “पावण्यांम्होरं मयताचं वाचू न्हाय,” असा त्यांचा नियम होता.

उंदरांच्या वजनाची एक वही असे. त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. उंदीर आजारी असला तर लिहायचं, नाही तर मोकळा सोडायचा, अशी कॉलेजची अपेक्षा. आप्पांनी तो रकाना कधी मोकळा सोडला नाही. ‘क्र. ४, नाराज.’ ‘क्र. ११, आज वर बघितलं.’ ‘क्र. ७, जोडीदार गेल्यापासनं खात न्हाय, मी हातानं चारलं.’ आमचे मार्गदर्शक सर ती वही तपासताना चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “मगदूम, हे वजनाचं रजिस्टर आहे. रोजनिशी नव्हे.” त्यावर आप्पा म्हणायचे, “तसं न्हाय, सर. वजन काट्याला कळतंय. बाकीचं कुणी लिवायचं?”

‘तसं न्हाय, सर’ हे त्यांचं पालुपद. समोरचा काहीही म्हणो, अगदी ‘आज ऊन फार आहे’ म्हणो, आप्पा तसं न्हाय म्हणूनच सुरुवात करायचे.

दुपारी बरोबर साडेबाराला ते सायकल काढत आणि दोनला परत येत. कॉलेजात सगळे डबा खायचे, हे एकटेच घरी जायचे. ऑफिसातले लोक म्हणायचे, मगदूम घरी जाऊन झोप काढतात, उंदरांना वाचून वाचून थकतात बिचारे. मीही त्यात चार विनोदांची भर घातली होती. तेव्हा ते विनोद चांगले वाटले होते.

आता माझ्या प्रयोगाविषयी थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही.

मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप धाडते. त्या निरोप्यांपैकी एक डोपामीन. हालचाल, उत्साह, एखादी गोष्ट करावीशी वाटणं, यात त्याचा मोठा हात असतो. निरोप ज्या दारातून आत घेतला जातो त्याला रिसेप्टर म्हणतात. हॅलोपेरिडॉल नावाचं औषध या दाराला कुलूप घालतं. ज्यांच्या डोक्यात नको ते आवाज आणि नको ते भास थैमान घालतात, अशा माणसांना ते देतात. उंदराला टोचलं की उंदीर थिजतो. त्याचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवले, तर साधा उंदीर निमिषात खाली उतरतो. हा तसाच राहतो, अवघडलेला, डोळे उघडे. आपण घड्याळ लावून बसायचं आणि किती वेळ राहतो ते मोजायचं. तीन मिनिटं झाली की आपणच उचलून पिंजऱ्यात ठेवायचा. माझं सगळं एम. फार्म. त्या दांडीवर उभं होतं.

पहिल्या आठवड्यात आप्पा पाण्याची बाटली हातात घेऊन माझ्यामागं उभे राहिले.

“सर, ह्यो आतनं जागा हाय की झोपलाय?”

“जागा आहे. फक्त हलत नाही.”

“हलाय येत न्हाय, की हलू वाटत न्हाय?”

मी विचार केला. खरं तर विचार करण्याजोगं मला काही माहीतच नव्हतं. “पुस्तकात तसं दिलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग लिवणाऱ्यानं त्याला इचारलं न्हाय वाटतं,” असं म्हणून ते निघून गेले.

हा माणूस जरा जास्तच प्रश्न विचारतो, असं मी मित्रांना सांगितल्याचं आठवतं.

प्रयोग सुरू झाला आणि माझे आकडे बिघडायला लागले. पुस्तकाप्रमाणं जो उंदीर तीन मिनिटं थिजून राहायचा, तो माझ्याकडं अर्ध्या मिनिटात दांडीवरून उतरून चालायला लागायचा. मी औषधाची बाटली बदलली. तागडी तपासून घेतली. सुई नीट टोचली जात नाही म्हणून आठ दिवस मोसंबीवर सराव केला. काही फरक नाही. मधूनच एखादा दिवस मात्र सगळे उंदीर शहाण्यासारखे थिजायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. सर म्हणाले, “असे आकडे घेऊन परीक्षकापुढं गेलास तर तो तुलाच दांडीवर बसवेल.”

उलगडा झाला सोळा ऑगस्टला. पंधराची पेपरवाल्यांना सुट्टी, म्हणून सोळाला पेपर येत नाही. त्या दिवशी आप्पा स्टुलावर नुसतेच बसून होते आणि माझे सगळे उंदीर तीन तीन मिनिटं हलले नाहीत. मी वही काढून मागचे चांगले दिवस पाहिले. महिन्यातून एकदा आप्पा रजा घ्यायचे, नेमके तेच दिवस. मी औषध सकाळी नऊच्या आत टोचायचो आणि दांडीची परीक्षा पावणेदहाच्या सुमारास घ्यायचो. मधे फक्त प्लायवूडचा पडदा, आणि पडद्यापलीकडं पंचगंगेची पातळी.

खात्री करायची म्हणून मी स्वतः कालचा पेपर घेऊन थिजलेल्या उंदरासमोर बसलो आणि मोठ्यानं अग्रलेख वाचला. उंदीर ढिम्म. मग पेपराचा कागद नुसता खुळखुळवला, तरीही ढिम्म. मग आप्पांना बोलावलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. “काय पावणं, आज पेपर न्हाय बघा,” एवढंच म्हणाले, आणि उंदरानं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि खाली उतरला. मी पुढं पंचवीस वर्षं वर्गात शिकवलं. माझ्या वाचनानं हलणारा श्रोता मला फारसा भेटला नाही.

सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “ज्याच्या हातचं खातो त्याचा आवाज कानावर पडला की थिजलेला उंदीरही क्षणभर सुटतो कधीकधी. दार बंद असलं तरी घराला कुठंतरी फट असतेच. पण तू तुझे आकडे सांभाळ.”

आकडे सांभाळायचे म्हणून मी आप्पांवर खेकसलो. अजून आठवलं की मान खाली जाते. वयानं वडिलांएवढा माणूस, आणि मी म्हणालो, “तुमच्या त्या पेपरापायी माझे चार महिने पाण्यात गेले. उद्यापासून इथं तोंड उघडायचं नाही.”

मला वाटलं, ‘तसं न्हाय, सर’ येणार. आप्पांनी चष्मा काढून हातात घेतला. मग हळूच विचारलं, “म्हंजी आवाज पोचतोय?”

“पोचतो म्हणूनच तर घोळ झालाय ना.”

“औषध असतानाबी पोचतोय? आतनं ऐकाय येतंय?”

“येतं, आप्पा. किती वेळा सांगू.”

ते स्टुलावर बसले. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून गोळ्यांची एक रिकामी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. मागच्या चंदेरी कागदावर इंग्रजीत नाव होतं. माझ्या टेबलावरच्या बाटलीवर होतं तेच.

“मालकीण हाय आमची. गौरव्वा. अकरा वर्सं ही गोळी खातीया. तुमच्या बाटलीवरची अक्षरं ह्याच्याशी लावून बघितली. सगळी जुळली.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. गौरव्वा चिकोडीकडच्या. माहेर सगळं कानडी. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठी एक शब्द येत नव्हता, आणि दोन वर्षांत गल्लीतल्या बायकांना मराठीत ऐकवण्याइतकी आली. बोलायला लागल्या की आप्पांना मधे शिरायला जागा नसायची. मग एक मूल झालं आणि बाळंतपणातच गेलं. त्यानंतर त्यांना कुणीतरी हाका मारायला लागलं. विहिरीतून हाका यायच्या. दोनदा त्यांना काठावरून ओढून आणलं. मिरजेच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली आणि हाका थांबल्या.

“हाका थांबल्या, सर. पर तीबी थांबली. बसिवली तर बसती. हातात कप दिला तर धरून ऱ्हाती, प्या म्हणल्याबिगर पीत न्हाय. डॉक्टरला इचारलं, गोळी बंद करू का? म्हणले, मग हिरीवर पहारा ठेवा. एकदा करून बघितलं. सा दिवस. सातव्या दिवशी परत काठावरनं आणली.”

महिन्यातली एक रजा गोळ्या आणण्यासाठी होती. दुपारचा दीड तास घरी जाऊन जेवू घालायला, आणि एका अंगावर पडलेलीला दुसऱ्या अंगावर करायला. मी कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिलो.

“मला एवडंच कळाय पाहिजेल,” आप्पा म्हणाले. “ती आत हाय का न्हाय.”

मी परीक्षेची वेळ दुपारवर नेली. पेपर सकाळी चालू राहिला.

पुढच्या रविवारी आप्पांनी मला घरी बोलावलं. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. भिंतीवर शिवलिंगाचा फोटो, खाली घासून लखलखीत केलेली भांडी, सगळं आप्पांच्या हातचं. गौरव्वा भिंतीला पाठ लावून पाटावर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, भांग जरा वाकडा. पुरुषाच्या हाताचा. आप्पांनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, “सरांना द्या,” म्हणाले, आणि मला बसायला चटई घालायला वळले.

तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. डोळे उघडे होते. माझ्याकडं नव्हते, दुसरीकडंही नव्हते.

आप्पा चटई अंथरून वळले आणि म्हणाले, “किती झालं, सर?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांना काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांना खरोखरच आकडा हवा होता. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी गौरव्वांच्या हातून तांब्या सोडवून मला दिला आणि चष्मा लावून पेपर उघडला. एक बातमी मराठीत वाचायची, मग खाली ठेवून “केळु, गौरव्वा, ऐक,” म्हणून तीच कानडीत सांगायची. कानडी त्यांना बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. हुपरीत चांदीकामाच्या भट्टीला आग लागलेली, आजऱ्यात काजूचं पीक गेलेलं, सगळं दोन दोनदा. अर्धा तास झाला. गौरव्वांची पापणी लवली तेवढीच, आणि ती कुणाचीही लवते.

“ह्या वेळी आवाज बसलाय माझा,” आप्पा म्हणाले. “न्हाईतर पोचतोय.”

प्रयोगाचा शेवटचा भाग राहिला होता. उंदरांच्या मेंदूत डोपामीन किती उरतं, ते मोजायचं. सरांनी फळ्यावर दाराचं चित्र काढून समजावलं होतं की दाराला कुलूप घातलं म्हणून निरोप्या गप्प बसत नाही. आतून उत्तर येत नाही म्हटल्यावर मेंदू आणखी निरोप धाडतो. कडी जोरजोरात वाजते. आप्पा दारात उभं राहून ऐकत होते.

“म्हंजी ती गप बसलेली दिसती, तवा आत हाक वाढलेली असती?”

“आधी तरी वाढते,” सर म्हणाले. “लांब मुदतीत काय होतं तेच हा बघणार आहे.”

साध्या उंदरांखेरीज माझे दोन गट होते. एकाला औषध एकच दिवस, दुसऱ्याला एकवीस दिवस. मोजायचं म्हणजे आधी पाठवायचं. त्या दिवशी आप्पांनी रजेचा अर्ज दिला नाही. मी पोचलो तेव्हा ते बाह्या सारून उभे होते.

“आज तुम्ही?”

“तुमचा हात लटपटतोय. त्यास्नी तरास व्हतोय. मी धरतो.”

टेबलावर एक यंत्र होतं, अडकित्त्याच्या थोरल्या भावासारखं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आप्पा एकेक उंदीर हातात घेत, पाठीवरून अंगठा फिरवत, आणि कालच्या सामन्यात कुणी किती गोल केले ते सांगत. शेवटपर्यंत त्यांचा आवाज हलला नाही. सगळं उरकल्यावर त्यांनी हात धुतले, वहीत प्रत्येक क्रमांकापुढं ‘पाठवलं’ लिहिलं, आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. ज्यांचं मीठ खाल्लं नाही अशांसाठी माणूस रडत नाही म्हणतात. इथं ज्यांना मीठ घातलं त्यांच्यासाठी हा माणूस रडत होता. मी बर्फात ठेवलेल्या बाटल्या उचलून निघालो.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. यंत्र दुसऱ्या विभागाचं, त्यांच्या सवडीनं मिळायचं. आप्पा रोज विचारायचे. “आलं का?” एवढंच.

आलं. एक दिवसाच्या गटात डोपामीनची उलाढाल वाढलेली होती, पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. एकवीस दिवसांच्या गटात उतरलेली होती. साध्या उंदरापेक्षाही खाली. बरेच दिवस उत्तर आलं नाही की हाक मारणारा थकतो, असा त्याचा अर्थ. सर खूश झाले. म्हणाले, सुरेख, दोन्ही गट स्पष्ट वेगळे आहेत.

बाहेर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आप्पा उभे होते. डोळ्यांनीच विचारलं. एकवीस दिवसांत ही गत, आणि गौरव्वांना अकरा वर्षं झाली होती. हा हिशेब माझ्या डोक्यात झाला आणि मी म्हणालो, “वाढली, आप्पा.”

ते खोटं नव्हतं. अर्ध्या उंदरांपुरतं खरंच होतं.

आप्पांनी हात जोडले. मला की उंदरांना, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले आणि कशाचे ते कुणाला सांगितलं नाही. ऑफिसातले म्हणाले, मगदूमला बढती मिळाली वाटतं.

पुढचे काही महिने मी प्रबंध लिहिण्यात होतो. आप्पा भेटले की आवाज बसलेला असायचा. सकाळी उंदरांना, दुपारी आणि संध्याकाळी घरी, असा तीन वेळचा पेपर सुरू झाला होता. आत हाक चाललीय म्हटल्यावर बाहेरच्यानं थांबून कसं चालेल, असं ते म्हणायचे. मी हो म्हणायचो आणि दुसरा विषय काढायचो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते मला शोधत ग्रंथालयात आले. तिथं मोठ्यानं बोलायला बंदी होती, ती त्यांनी मोडली.

“बोलली, सर.”

“काय म्हणाल्या?”

“साकु म्हणली.”

साकु म्हणजे कानडीत पुरे. आमच्या बाजूला कानडी न येणाऱ्यालाही हा शब्द येतो. पंगतीत आग्रह झाला की म्हणतात. अकरा वर्षांनी बाई बोलली, ती ‘पुरे’ म्हणून. मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं.

“मग थांबवलंत का वाचन?”

“तसं न्हाय, सर. मी लई इचार केला. ती पेपर पुरे म्हणली न्हाय. मराठी पुरे म्हणली. दमली आसंल मराठी ऐकून. आधी मराठी वाचायची, मग तेच कानडीत सांगायचं, त्यात गोडी ऱ्हातीया व्हय? सरळ कानडी पेपरच वाचाय पाहिजेल.”

अर्थ लावायचा झाला तर इतका सोयीचा अर्थ मी प्रबंधातही कुठं लावला नव्हता. पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मी मान डोलावली.

माघात माझा प्रबंध बांधून आला, काळ्या कापडात, सोनेरी अक्षरांत. आभारांच्या पानावर आप्पांचं नाव होतं, ते दाखवायला मी प्राणीगृहात गेलो. त्यांनी हात धुऊन, पुसून, पुस्तक मांडीवर घेतलं. आपलं नाव बोटानं वाचलं. मग पानं उलटायला लागले. इंग्रजी मजकूर त्यांना कळत नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण वीस वर्षं उंदरांच्या वजनाचे तक्ते काढलेला माणूस तो. आलेखाच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तीन खांब होते. मधला उंच, शेवटचा सगळ्यांत बुटका.

“ह्यो पहिला साधा उंदीर,” ते म्हणाले. “मधला एका दिसाचा. आणि ह्यो?”

मी पान उलटायला हात पुढं केला.

“एकवीस दिसाचा न्हवं?”

“हो.”

“उतरलीया.”

“हो, आप्पा. मी तेव्हा... मला सांगवलं नाही. उंदरांचं सगळंच माणसाला लागू होतं असंही नाही.” हे मी खरं सांगत होतो की पुन्हा समजूत काढत होतो, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मला फार लाज वाटत होती.

आप्पांनी पुस्तक मिटलं. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “म्हंजी तिकडनं हाक कमी हुईत चाललीया.”

मी पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचललं.

“मग घाई कराय पाहिजेल.”

त्यांनी मांडणीच्या खालच्या कप्प्यातून कापडी पिशवी ओढली. तिच्यात निपाणीहून आणलेली कानडी अंकलिपी होती. पहिलीच्या मुलांची, कव्हरावर हत्ती. पाटी होती, पेन्सिल होती. पाटीवर मोठ्या, थरथरत्या रेघांत अक्षरं काढलेली. पेपर वाचण्याइतकं यायला किती दिवस लागतील, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला कानडी वाचता येत नाही. “मलाबी न्हाय की,” आप्पा म्हणाले आणि पाटी पुसून पुन्हा पहिल्या अक्षरापासून गिरवायला बसले. त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं.

मी नोकरीला लागलो, लग्न झालं, आजऱ्याला बदली झाली. वर्षभरानं कॉलेजात काही कामाला गेलो, तेव्हा कळलं की गौरव्वा गेल्या. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही, असं ऑफिसातल्यांनी सांगितलं. आप्पा तोवर जोडाक्षरांपर्यंत आले होते.